आजोबांच्या कोटासारखा कोट शिवून घेताना झालेली फसवणूक

माझे आजोबा परभणीच्या न्यायालयात वकिली करीत असत. त्यांचा काळ्या लोकरीचा, बंद गळ्याचा कोट आमच्या घरात सत्तर वर्षांहून अधिक काळ जपून ठेवलेला आहे. त्याचे अस्तर दोनदा बदलावे लागले. पण छातीचा उठाव, खांद्याचा बाक आणि गळपट्टीचा ताठपणा आजही जसाच्या तसा आहे. तो मला छातीत दाटत असे, म्हणून पुतणीच्या लग्नासाठी त्याच धाटणीचा नवा कोट आणि आत घालायला हिमरूचे, म्हणजे सूत आणि रेशीम मिळून विणलेल्या नक्षीदार कापडाचे, जाकीट शिवून घ्यायचे मी ठरवले. या एका हौसेत माझे सव्वीस हजार रुपये गेले. बंद गळ्याचे कोट आणि हिमरूची जाकिटे लग्नसराईत पुन्हा आवडीने घातली जाऊ लागली आहेत, म्हणून घडले ते सविस्तर लिहीत आहे.

दुकान छत्रपती संभाजीनगरातले. दर्शनी भागात पायाने चालवायचे जुने शिलाई मशीन, लाकडी चौकटीचा आरसा आणि शेरवानीतल्या माणसांची जुनी छायाचित्रे मांडलेली होती. मी आजोबांचा कोट नमुना म्हणून पुढे ठेवताच मालकाने तो उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाला, "आतून घोड्याच्या केसांचा कॅनव्हास आहे, काज हाताचे आहेत. आम्हीही असाच शिवतो, कापड शंभर टक्के लोकर." कॅनव्हास म्हणजे कोटाचे वरचे कापड आणि अस्तर यांच्यामध्ये सुटा राहणारा थर. मुहंमद तुघलकाने 1327 मध्ये राजधानी देवगिरीला हलवली तेव्हा दिल्लीहून विणकरही आले आणि त्यांच्याबरोबर हिमरूची कला आली, ही आपल्याकडे परंपरेने सांगितली जाणारी हकीकतही त्याने ऐकवली. ज्याला कापडाची एवढी जाण आहे तो मालात खोट करणार नाही, असे मी गृहीत धरले. माझी चूक तिथे झाली.

खरे तर संशय यायला दोन जागा होत्या. पहिली म्हणजे कच्ची ट्रायल झालीच नाही. कॅनव्हास घालून शिवलेल्या कोटात मास्तर आधी पांढऱ्या दोऱ्याचे लांब टाके घालून कोट अंगावर चढवून पाहतो, छातीचा आणि खांद्याचा बसाव खडूने दुरुस्त करतो आणि मगच पक्की शिलाई घालतो. मला मात्र मापे दिल्यापासून अकराव्या दिवशी तयार कोटच हातात मिळाला. दुसरी जागा पावतीची. कच्च्या पावतीवर "कोट व जाकीट" एवढेच लिहिले होते. लोकर, कॅनव्हास, हिमरू यांपैकी एकही शब्द नव्हता.

लग्नात कोट उत्तम दिसला. पहिल्याच ड्रायक्लीनिंगनंतर मात्र छातीवर, दुसऱ्या बटणाच्या डाव्या बाजूला, पापडावर येतात तसे फोड आले. इस्त्रीने ते क्षणभर दबत आणि कापड गार होताच पुन्हा वर येत. शेवटी मी तो परभणीतल्या एका वृद्ध शिंपी मास्तरांकडे नेला. त्यांनी शेवटच्या बटणाखाली कोटाचे वरचे कापड एका हाताच्या चिमटीत आणि अस्तर दुसऱ्या हाताच्या चिमटीत धरून दोन्ही हलकेच वेगळे ओढले. आजोबांच्या कोटात त्या दोहोंमध्ये तिसरा, सुटा थर बोटांना स्पष्ट जाणवत होता. माझ्या कोटात तो नव्हता. मग पात्याने अस्तराची तुरपाई थोडी उसवून त्यांनी आत दाखवले. "यात कॅनव्हास नाहीच हो, नुसतं पेस्टिंग आहे," असे ते म्हणाले. गोंद लावलेले बकरम (ताठ कापड) उष्णतेने कापडाला चिकटवले होते आणि तो गोंद जागोजागी सुटला होता. पेस्टिंगचा कोट शिवणे हा गुन्हा नाही. तो पेस्टिंगचा म्हणून, त्याच्या किमतीत विकला तर कोणाचीच तक्रार नसावी. पण मी पैसे कॅनव्हासचे मोजले होते.

मास्तरांनी दोन्ही कोटांच्या शिवणीत दाबलेल्या कापडाचा एकेक धागा काढून जाळून पाहिला. आजोबांच्या कोटाचा धागा केस जळाल्यासारखा वास देत विझला आणि त्याची राख बोटांत चुरडली गेली. माझ्या कोटाचा धागा वितळून आक्रसला आणि टोकाला काळा, टणक मणी उरला. म्हणजे ते पॉलिस्टर होते. जाकिटाचेही तेच निघाले. अस्सल हिमरूत ताणा (उभा धागा) सुताचा आणि बाणा (आडवा धागा) रेशमाचा असतो, आणि नक्षीचे जादा धागे पाठीमागे सुटे राहतात. यंत्रमागावर विणलेल्या नक्षीदार, म्हणजे जॅकार्ड, कापडालाही मागे असे सुटे धागे असू शकतात, त्यामुळे केवळ उलटी बाजू पाहून समाधान मानू नये. कापलेल्या कडेचा आडवा धागा मागून घ्यावा आणि दुकानदारासमोरच जाळून पाहावा. हातमागाच्या मालासाठी 2006 पासून हँडलूम मार्क आणि रेशमासाठी 2004 पासून सिल्क मार्क आहे. ते लेबल मागायला मी संकोचलो, तुम्ही संकोचू नका.

मालकाला फोन केला तेव्हा "आता सगळे असंच शिवतात" एवढे बोलून त्याने फोन ठेवला. मी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आणि नंतर परभणीच्या जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज दिला. 2019 च्या कायद्यानुसार आपण राहतो त्या जिल्ह्यातही दाद मागता येते, त्यासाठी दुकानाच्या गावी खेटे घालावे लागत नाहीत. मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही, मात्र अर्ज दोन वर्षांच्या आत करावा लागतो. पावतीने साथ दिली नाही. पण मालकाने व्हॉट्सअ‍ॅपवर "फुल कॅनव्हास, प्युअर वूल" असे लिहून पाठवले होते, तो संदेश मी पुरावा म्हणून जोडला आहे. निकाल अजून लागलेला नाही.

दरम्यान मास्तरांनी आजोबांच्या कोटाची कूस उसवली. शिवणीच्या आत दोन्ही बाजूंना दीड-दीड इंच कापड दाबून ठेवलेले निघाले. शिवणाऱ्याने ते पुढच्या माणसासाठीच सोडले होते. ते मोकळे केल्यावर कोट मला नेमका बसला. येत्या माघात घरच्या मुंजीत मी तोच घालणार आहे. बगलेखाली जिथे ऊन कधी पोहोचले नव्हते तिथे कापडाची एक पट्टी बाकीच्यापेक्षा गडद काळी दिसते, ती तशीच राहू द्यायला मी मास्तरांना सांगितले आहे.