मोठ्या अक्षरांचे, संदर्भांसहित मराठी पवित्र शास्त्र: एका पावसाळ्यानंतर

मी रत्नागिरीची, आमच्या मंडळीत संडे स्कूलला शिकवते. मे महिन्यात मुलीने हे पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, मुंबईहून आणून दिले आणि अख्खा पावसाळा ते माझ्या उशाशी होते.

आधी वस्तूबद्दल. अक्षर ठसठशीत आहे, लाइट गेल्यावर चार्जिंगच्या दिव्यातही लागते. कागद पातळ, पण पाठची अक्षरे डोळ्यांत येत नाहीत. वजन मात्र भारी. पडून वाचायचे तर पोटावर उशी घ्यावी लागते. कव्हरची चेन इथल्या खाऱ्या हवेत श्रावणातच गंजली. आता सुती कापडात गुंडाळून ठेवते, बुरशी धरलेली नाही.

पाच तारे देते आहे ते तळाशी दिलेल्या संदर्भांसाठी.

यजमान गेल्यापासून प्रार्थनेला बसले की शब्दच येत नसत. रविवारी मुलांना सांगायचे की देव ऐकतो, आणि रात्री आढ्याकडे बघत पडायचे. शिकवणाऱ्या बाईनेच शंका कुणापुढे बोलायची? शेवटी पाळकसाहेबांशी बोलले. त्यांनी उपदेश केला नाही, स्तोत्र ८८ वाचा म्हणाले. ते स्तोत्र देवाला आपला तारणारा म्हणून हाक मारते आणि अंधारात संपते. शेवटी समाधानाची एक ओळ नाही. इतकी उघडी तक्रार शास्त्रात जपून ठेवली आहे, तर माझीही तिथे चालेल, एवढे मला त्या रात्री पुरले.

मग स्तोत्र २२. ‘माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास’ या ओळीच्या तळटिपेत मत्तय २७:४६, म्हणजे मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या त्या वचनाचा संदर्भ आहे. प्रभू येशूच्या वधस्तंभावरच्या सात उद्गारांपैकी हा चौथा, दर गुड फ्रायडेला मी तो ऐकत आले आहे. पण स्तोत्राच्या वाटेने तिथे पोहोचले तेव्हा लक्षात आले की माझा प्रश्न प्रभूने माझ्या कितीतरी आधी विचारला, आणि विचारताना ‘माझ्या देवा’ म्हणणे सोडले नाही. शंका आली म्हणजे विश्वास गेला, ही भीती तिथे गळून पडली.

इफिसकरांस पत्राचा सहावा अध्यायही असाच नव्याने वाचला. प्रेषित पौल बेड्यांत असताना लिहितो. विश्वासाची ढाल, तारणाचे शिरस्त्राण, सगळी शस्त्रसामग्री सांगतो, पण पुन्हा पुन्हा मागतो ते इतकेच की उभे राहा. दुबळ्या दिवसात तेवढे जमते.

भाषा जुन्या वळणाची आहे. स्तोत्रे मोठ्याने वाचायला ती फार गोड लागते, पौलाची लांब वाक्ये मात्र अडतात. पंडिता रमाबाईंना साध्या बायकांना समजेल असे शास्त्र हवे होते, म्हणून त्यांनी मूळ हिब्रू-ग्रीकवरून अख्खे भाषांतर केले आणि काम संपवून १९२२ साली त्या गेल्या. पत्रांसाठी सोप्या भाषेतली एखादी प्रत जवळ असू द्या.

घरात कुणी म्हातारे, आजारी किंवा आतून खचलेले असेल तर हीच आवृत्ती घ्या. पैसे देण्याआधी दुकानातच स्तोत्र २२ उघडा आणि तळाशी मत्तयाचा संदर्भ आहे का बघा. नसेल तर ती बिनसंदर्भांची प्रत आहे, बदलून मागा.