'बालक-पालक' की 'टाइमपास': चौदा वर्षांच्या मुलासोबत आधी कुठला बघावा?

घरात तेरा-चौदा वर्षांचं मूल आहे, रविवारची दुपार मोकळी आहे आणि सगळ्यांनी मिळून खळखळून हसता येईल असा, पण त्या मुलाच्या वयाचा मराठी सिनेमा लावायचा आहे. अशा वेळी दोन नावं हमखास निघतात, 'बालक-पालक' आणि 'टाइमपास'. माझ्या बहिणीकडे यावरून चांगलीच चर्चा झाली. शेवटी आम्ही लागोपाठ दोन रविवारी दोन्ही बघितले, सोबत माझी चौदा वर्षांची भाची.

दोन्ही रवी जाधव यांचेच. 'बालक-पालक' आला ४ जानेवारी २०१३ ला आणि 'टाइमपास' बरोबर वर्षाने, ३ जानेवारी २०१४ ला. प्रथमेश परबही दोन्हीत आहे, पहिल्यात विशू आणि दुसऱ्यात दगडू. त्यामुळे एक बघितला की दुसरा त्याच चवीचा असेल असं वाटतं. तसं ते नाही. हसू कुठून येतं ते बघा, म्हणजे निवड सोपी होते.

'बालक-पालक'मध्ये ते एका वाक्प्रचारातून येतं. काळ ऐंशीच्या दशकातला, मुंबईतली चाळ. चाळीतल्या एका ताईबद्दल मोठी माणसं हळू आवाजात बोलताहेत की तिने शेण खाल्लं. अव्या, भाग्या, चिऊ आणि डॉली हे ऐकतात आणि प्रश्नात पडतात. शेण खाल्लं म्हणजे नक्की काय केलं? मोठ्यांना विचारावं तर कोणी धड उत्तर देत नाही, उलट विषय बदलतात. मग ही चौघं स्वतःच शोध घ्यायला निघतात आणि पोहोचतात विशूकडे, जो या बाबतीत स्वतःला जाणकार समजतो. पुढे चोरून वाचायची पुस्तकं येतात, भाड्याचा व्हीसीआर येतो. विषय लैंगिक कुतूहलाचा, म्हणजे नाजूक, पण त्या मुलांच्या चेहऱ्यावर कुठेही चावटपणा नाही. गणिताचं अडलेलं उदाहरण सोडवावं इतक्या गंभीरपणे ती या कामाला लागलेली असतात, आणि आपण हसतो ते त्या गांभीर्याला. किशोरवयावरचा विनोदी सिनेमा मी याच एका गोष्टीवर जोखते. मुलांना आपण विनोद करतोय हे माहीत नसलं पाहिजे. त्या वयात मुरूमसुद्धा जीवन-मरणाचा प्रश्न असतो, आणि लेखकाने त्या प्रश्नाची बाजू घेतली तरच हसू खरं येतं.

आमच्याकडे काय झालं ते सांगते. तो संवाद आला आणि भाचीने मांडीवरची उशी बाजूला ठेवून सरळ विचारलं, "मावशी, शेण खाल्लं म्हणजे गं काय?" बहीण मटार सोलत बसली होती. तिचे हात थांबले, नजर मात्र ताटातच. पडद्यावर चाळीतले पालक जे करत होते, नेमकं तेच आमच्या दिवाणखान्यात झालं. मी सिनेमा थांबवला आणि जमेल तसं सांगितलं. सोपं नव्हतं, पण पाच मिनिटांत झालं. भाची म्हणाली, "एवढंच ना? मग कुजबुजायचं कशाला?" सिनेमात हे काम किशोर कदम यांचे कदम काका करतात. मुलांना न हिणवता, न घाबरवता ते बोलतात. तरुणाईच्या सिनेमात मोठी माणसं बहुतेकदा मूर्ख तरी असतात नाहीतर खलनायक. इथे एक माणूस तरी समोर बसून बोलतो, हे मला फार मोलाचं वाटतं. कमी काय असेल, तर आजच्या काळातला जो भाग गोष्टीला जोडला आहे तो. मुलांनी आधीच दाखवून दिलेलं तिथे शब्दांत परत सांगितलं जातं.

आता 'टाइमपास'. याचा जीव दगडूच्या जिभेत आहे. दहावीत गचकलेला, पेपर टाकणारा, रिक्षावाल्याचा मुलगा, आणि तोंडात "आईबाबा आणि साईबाबाची शप्पथ". हा सिनेमा आला तेव्हा ही शप्पथ प्रत्येक वर्गात घेतली जात होती. समोर केतकी माटेगावकरची प्राजक्ता, गाणं शिकणारी, शिस्तीच्या घरातली, आणि तिचे वडील माधव लेले, म्हणजे वैभव मांगले. दगडूची टोळी त्यांना शाकाल म्हणते. विनोद बराचसा संवादांतून येतो, त्यामुळे हसू लवकर फुटतं, मोठ्याने फुटतं, आणि आजी-आजोबांपासून सगळे एकदम हसतात. चिनार-महेश यांची गाणी तर आजही लग्नाच्या वरातीत वाजतात. साजूक तुपातल्या पोळीला म्हावऱ्याचा नाद लागल्याचं जे गाणं आहे, त्यात दोन घरांतलं सगळं अंतर एका ताटात येऊन बसलंय. जात, पैसा, मोहल्ला, भाषा, कशाचंही नाव न घेता. हे फार हुशारीचं काम आहे. आणि भाऊ कदम यांचा बाप! पोरावर चिडतो, तरी त्याच्या पाठीशी उभा राहतो. मला लेल्यांपेक्षा हाच बाप लक्षात राहिला.

पण माझी तक्रारही इथेच आहे. दगडू आपल्याला आतून कळतो, प्राजक्ता मात्र बरीचशी बाहेरून. ती लाजते, घाबरते, रडते. तिला काय गंमत वाटते, ती कशावर हसते, हे सिनेमा फारसं विचारत नाही. मुलीच्या मागे मागे फिरणं हेच प्रेम, असं चौदा वर्षांच्या मुलाच्या डोक्यात बसू नये असं वाटत असेल, तर नंतर बोलायची तयारी ठेवा. 'बालक-पालक'मध्ये चिऊ आणि डॉली यांना मुलांइतकेच प्रश्न पडतात आणि त्या तितक्याच धीटपणे शोधात उतरतात. भाची दुसऱ्या रविवारी जास्त हसली, पण नंतर आठवडाभर बोलत राहिली ती पहिल्याबद्दल.

कोणी 'शाळा'चंही नाव घेईल. मिलिंद बोकील यांच्या कादंबरीवरचा, सुजय डहाके यांनी केलेला, जानेवारी २०१२ मध्ये आलेला. आणीबाणीच्या काळातली नववी, मुकुंद आणि त्याला आवडणारी वर्गातली शिरोडकर. मला तो तिघांत सर्वात सुंदर वाटतो, पण तो विनोदी सिनेमा म्हणून लावू नका. हसू ओठांवर येतं आणि तिथेच थांबतं. वाचणारं मूल असेल तर कादंबरी आधी द्या, सिनेमा दहावीच्या सुट्टीत.

तर घरात आजी-आजोबा, पाहुणे, लहान भावंडं असा सगळा गोतावळा असेल तर 'टाइमपास' लावा, दुपार मजेत जाईल. आई-बाबा आणि मूल एवढेच असाल तर 'बालक-पालक', आणि तोच आधी. मूल बारा वर्षांच्या आतलं असेल तर थोडं थांबा. व्हीसीआरचा प्रसंग आला की चहा टाकायच्या निमित्ताने स्वयंपाकघरात जाऊ नका, जागेवर बसून राहा. प्रश्न तेव्हाच येतो.