गोठ्यापर्यंत नेट ओढून देतो म्हणाला आणि १८,६०० घेऊन गेला

उचगाव, बेकिनकेरे, शिनोळी, तुडये या कर्नाटक-महाराष्ट्र हद्दीवरच्या पट्ट्यात 'घरचं वायफाय शेतापर्यंत नेऊन देतो' म्हणत एक जण मोटरसायकलवर फिरतोय. त्याला एक पैसा देऊ नका. माझे १८,६०० गेले. दोन 'डिश' ११,०००, पाईप-क्लॅम्प २,६००, केबल १,८००, मजुरी ३,२००.

घरी फायबर आहे. शेतघर चारेकशे मीटरवर, तिथं म्हशी, आणि रात्री दादा एकटाच झोपतो. कॅमेरा हवा होता. एवढ्या लांब साधा राऊटर पोचत नाही, मधे ऊस वाढला तर अजिबातच नाही, हे मला ठाऊक होतं. उंच पाईपवर समोरासमोर दोन यंत्रं लावा, हे मीच त्याला सांगितलं. अडाणी म्हणून फसलो असं कुणी समजू नये.

"काका, बघा आता." शेतघरात स्पीड टेस्ट लावली, चाळीसच्या वर आकडा आला. पण खाली नाव आमच्या फायबरवाल्याचं नव्हतं, एका मोबाईल कंपनीचं होतं. तिथंच सगळं उघडं पडलं होतं! मी विचारलंसुद्धा. "हवेतून येतंय ना काका, म्हणून तसं दाखवतं." समोर नेट धावतंय, दादा मोबाईलवर म्हशी बघून खूश झालाय, अशा वेळी कोण हुज्जत घालणार? यूपीआयनं पैसे पाठवले. खात्यावर नाव भलत्याच बाईचं.

अठ्ठावीस दिवसांचा रिचार्ज संपला आणि नेट गेलं. डबा उघडला तर आत सिमवर चालणारा हॉटस्पॉट. घराच्या गच्चीवरच्या डब्यात एक लाल दिवा, आणि राऊटरपासून आलेली केबल नुसतीच आत कोंबलेली.

पैसे देण्याआधी घरचा राऊटर बंद करा. शेतातलं नेट तरी चालूच राहिलं तर त्याला तिथून हलू देऊ नका.

आमच्या पोलीस ठाण्यात सांगितलं, माणूस महाराष्ट्रातला, तिकडं जा. तिकडं सांगितलं, पैसे कर्नाटकात दिलेत, तिकडं जा. परत आलो तर अर्ज कन्नडमध्ये आणा. आणला, तर साहेब बंदोबस्ताला. १ जुलै २०२४ पासूनच्या नव्या कायद्यात (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता), कलम १७३ प्रमाणं, गुन्हा कुठल्याही हद्दीतला असला तरी तक्रार नोंदवून घ्यायची आहे. ते दाखवलं तर "तुम्ही वकील काय?" चोर रोज हद्द ओलांडून येतो, त्याला कुणी अडवत नाही. आमची तक्रार तेवढी ओलांडत नाही! बँकेचं एकच, पिन तुम्हीच टाकलाय. सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाईनला फोन लगेच केला तर पैसे अडवता येण्याची आशा असते. मला कळेपर्यंत महिना उलटला होता.

ग्राहक आयोगात आपल्याच जिल्ह्यात जाता येतं, ५ लाखांपर्यंत फी नाही. पण समोरच्याचं नाव-पत्ता लागतो. माझ्याकडं वहीच्या पानावरचा हिशोब आणि एक बंद नंबर आहे. पक्कं बिल, यंत्राचा सिरीयल नंबर, दुकानाचा पत्ता घेतल्याशिवाय पाईपसुद्धा उभा करू देऊ नका.

कुणाकडं त्याचा फोटो किंवा गाडीचा नंबर असेल तर कळवा. एकत्र अर्ज देऊ, मग बघतो कसा घेत नाहीत.