ब्रेकसाठीचं सिरॅमिक ग्रीस: आवाज गेला, पण नुसत्या ट्यूबने नाही

ग्रीस चांगलंय, पाच महिने झाले, ब्रेक गप्प आहेत. पण ट्यूबवर जे लिहिलंय ना की लावा आणि आवाज बंद, ते अर्धंच खरंय, आणि उरलेलं अर्धं कुणी सांगत नाही म्हणून एवढं लिहायला बसलोय.

पुढच्या चाकांचे ब्रेक पॅड बदलून तीन महिनेपण झाले नव्हते आणि डावीकडून आवाज सुरू झाला. जोरात ब्रेक मारला तर काही नाही, पण हळू दाबत गाडी थांबवायला गेलं की शेवटच्या चारपाच मीटरमध्ये असं किंचाळायचं की रस्त्यावरची माणसं वळून बघायची. ज्या गॅरेजमध्ये पॅड टाकले तिथेच परत गेलो तर चाक न उतरवताच म्हणाले डिस्क (चाकाबरोबर फिरणाऱ्या, पॅड ज्यांना धरतात त्या लोखंडी चकत्या) गेल्यात, दोन्ही बदला. चाक न काढता डिस्क गेल्याचं कसं कळतं? पटलं नाही, गाडी घेऊन घरी आलो.

तुमचाही आवाज येत असेल तर ग्रीस मागवायच्या आधी तो नेमका कधी येतो ते दोन दिवस नीट ऐका. सकाळी पहिल्या दोनतीन ब्रेकला खरखर होते आणि मग जाते, तो रात्रीच्या दमटपणाने डिस्कवर आलेला गंज, त्याचं काही करायला नको. ब्रेक न दाबता चालत्या गाडीत बारीक शिट्टी येते आणि पाय ठेवला की थांबते किंवा बदलते, तर पॅडची जाडी बघा, कारण बऱ्याच पॅडना एक पत्र्याची जीभ असते आणि मटेरियल २-३ मिमी उरलं की ती डिस्कला घासते, मुद्दाम त्यासाठीच दिलेली असते. आणि लोखंडावर लोखंड घासल्यासारखं घर्रर्र येत असेल तर गाडी चालवूच नका, तिथे ग्रीसचं काही काम नाही.

माझं यातलं काहीच नव्हतं. मग गाडी सपाट जागेवर घेऊन जॅक लावला, खाली स्टॅण्ड दिला (नुसत्या जॅकवर कधीच काम करू नका, प्लीज) आणि चाक काढलं. कॅलिपर, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणारा भाग, उघडल्यावर सगळं समोर आलं. पॅडच्या पाठीवर शिमच (पातळ पत्रे) नाहीत, जुन्या पॅडबरोबर फेकून दिल्या असणार. ग्रीसचा एक थेंब नाही कुठे. कॅलिपर ज्यांवर सरकतो त्या स्लाइड पिनांपैकी वरची बोटाने सरकत होती, खालची जाम, पाना लावून गोल फिरवत फिरवत बाहेर काढली. त्यामुळे कॅलिपर नीट सरकतच नव्हता, आतला पॅड सारखा डिस्कला टेकून राहायचा. बाहेरचा ९ मिमी, आतला ७, आणि आतल्याचा चेहरा काचेसारखा चकचकीत. डिस्क मात्र गुळगुळीत होती, जाडी मोजली तर डिस्कच्या कडेला जी किमान जाडी कोरलेली असते तिच्यापेक्षा चांगली जास्त. म्हणजे बदलायची काही गरजच नव्हती!

आवाज होतो तो मुळात कंपनाचा. पॅड डिस्कला धरतो-सोडतो, सेकंदाला हजारो वेळा, आणि डिस्क घंटेसारखी वाजते. शिम आणि ग्रीस हे कंपन गिळतात, म्हणून ग्रीस लागतं ते पॅडच्या पाठीला, जिथे पॅड ढकलणारा पिस्टन आणि कॅलिपरची बोटं टेकतात तिथे, आणि पॅडचे कान (दोन्ही टोकं) त्यांना धरणाऱ्या ब्रॅकेटमध्ये सरकतात तिथे. पातळ थर, बस. पॅडच्या घासणाऱ्या बाजूला किंवा डिस्कला चुकून लागलं तर डिस्क ब्रेक क्लीनरने पुसता येते, पॅडने ग्रीस शोषलं तर तो पॅड गेला.

आता ट्यूबबद्दल. मी घेतलं ते सिलिकॉन बेसचं, रबराला चालणारं, आणि हे लेबलवर बघूनच घ्या. बेअरिंगचं साधं ग्रीस पिनला लावलं तर तिच्यावरचे रबरी बूट (टोपणं) फुगतात आणि पिन पुन्हा जाम होते. घट्ट आहे, गरम होऊन ओघळलं नाही, मी मध्ये एकदा चाक काढून बघितलं तर जागच्या जागी होतं. झाकणातला ब्रश मात्र अगदीच टाकाऊ, केस गळून ग्रीसमध्ये अडकतात, मी वेगळा जुना टूथब्रश वापरला. सूचना इतक्या बारीक अक्षरात की वाचताच येत नाहीत, आणि पिन साफ करून मग लावा हे महत्त्वाचं वाक्य त्यात कुठेच नाही, याचा मला खरंच राग आला, कारण माझं निम्मं काम तिथेच होतं.

मी पिना आणि त्यांची भोकं ब्रेक क्लीनरने धुतली, ब्रॅकेटचा गंज ब्रशने काढला, चकचकीत पॅडवरून सॅण्डपेपर फिरवला (मास्क लावून, ती धूळ छातीत जायला नको), नवीन शिम बसवल्या. दोन्ही पिना सारख्या दिसल्या तरी बऱ्याच गाड्यांत वेगळ्या असतात, अदलाबदल करू नका. कॅलिपर ब्रेकच्या पाइपवर लटकत ठेवू नका, तारेने बांधा. उजवीकडचंही सगळं तसंच केलं. चाक बसवल्यावर गाडी हलवायच्या आधी पेडल घट्ट लागेपर्यंत पंप केलं, नाहीतर पहिला ब्रेक लागतच नाही.

मग पॅड डिस्कला नीट बसावेत म्हणून मोकळ्या रस्त्यावर ५० च्या स्पीडवरून १० पर्यंत आठदहा वेळा ब्रेक मारला, पूर्ण न थांबता, आणि नंतर थंड होईपर्यंत ब्रेकला हात न लावता चालवली. दोन दिवस थोडी कुरकुर होती, तिसऱ्या दिवसापासून शांत. भर पावसातही.

पाचपैकी चार स्टार, एक ब्रश आणि सूचनांसाठी कापला. मागच्या चाकाला इलेक्ट्रॉनिक हँडब्रेक असेल तर मात्र स्वतः उघडायला जाऊ नका, त्याचा पिस्टन आधी सर्व्हिस मोडमध्ये घ्यावा लागतो, ते काम जाणकाराकडेच द्या आणि त्याच्यासमोर उभं राहून पिना काढून दाखवायला सांगा.