रोल बारवरचा कॅमेरा क्लॅम्प : सीझनभर वापरल्यानंतर

ड्रॅग रेसिंगमध्ये (सरळ पट्ट्यावरची वेगाची शर्यत) सक्शन कपवरचा कॅमेरा टेक इन्स्पेक्शनला, म्हणजे शर्यतीआधीच्या गाडीच्या तपासणीला, पास होत नाही आणि हेल्मेटवर कॅमेरा तर नकोच, म्हणून रोल बारला (गाडी उलटली तर ड्रायव्हरला वाचवणारा आतला स्टीलचा पाइप) आवळायचा अ‍ॅल्युमिनियमचा क्लॅम्प घेतला. व्हिडिओ कसा येतो ते पुढे सांगतो. आधी कॅमेरा जागेवर राहतो का ते बघू.

लाँचची, म्हणजे गाडी सुटतानाच्या झटक्याची, फारशी भीती नाही. १५० ग्रॅमच्या कॅमेऱ्यावर टॉप फ्युएलसारखा (ड्रॅग रेसिंगमधल्या सर्वात वेगवान गाड्यांचा वर्ग) ५ जी, म्हणजे वजनाच्या पाचपट, जोर आला तरी ओढ पाऊण किलोचीच, तीही मागच्या दिशेने. खरी परीक्षा गाडी थांबवायचं पॅराशूट उघडताना आणि भिंतीला धडक बसली तर. धडकेत ५० जी धरले तर तोच कॅमेरा साडेसात किलोच्या जोराने पुढे सुटू पाहतो, आणि मागच्या बारवर असेल तर पुढे ड्रायव्हरची मानच असते. म्हणून मी तो पॅसेंजरच्या बाजूला, सीटच्या रेषेपासून लांब लावलाय आणि स्टीलच्या तारेने वेगळा बांधलाय. तार इतकी आखूड की कॅमेरा सुटला तरी हेल्मेटपर्यंत पोचणार नाही.

क्लॅम्प दणकट आहे, पण सोबत आलेला प्लॅस्टिकचा क्विक-रिलीज सांधा अगदीच टाकाऊ. टायर शेक (सुटताना मागच्या टायरांची जोरदार थरथर) झाला की तो सैल पडायचा. आता थेट धातूचा आखूड हात बसवलाय. आतलं रबरही जाड असल्याने पावणेदोन इंची पाइपावर क्लॅम्प हळूहळू फिरायचा. पातळ रबर टाकल्यावर थांबला. नटावरून क्लॅम्पपर्यंत पेंटची एक रेघ मारलीय. रेघ तुटलेली दिसली की नट फिरला, पाना लावायचा.

डोक्याजवळच्या पाइपावरचं पॅडिंग काढून तिथे क्लॅम्प बसवायचा मोह अनेकांना होतो, कारण अँगल झकास मिळतो. तो अँगल विसरा. केजला (गाडीतल्या पाइपांच्या पिंजऱ्याला) भोक पाडणं किंवा वेल्डिंग करणंही नको. आणि बाहेर पडायच्या वाटेत क्लॅम्पचा हात येत नाही ना, हे पूर्ण हार्नेस (रेसिंगचा सीट बेल्ट) लावून, मग सोडून, स्वतः उतरून बघा.

रेकॉर्डिंग मी पाळीची वाट बघायच्या लेनमध्येच सुरू करतो. बर्नआउटनंतर (टायर तापवायला ते जागच्या जागी फिरवल्यावर) कॅमेऱ्याला हात लावायचा नाही. वायफायही बंद, रन चालू असताना बाहेर काहीतरी पाठवणारं उपकरण म्हणजे अधिकाऱ्यांशी विनाकारण हुज्जत.

व्हिडिओ ठीक. टायर शेकमध्ये चित्र जेलीसारखं लडबडतं, पण हात आखूड केल्यावर बरंच कमी झालं. आवाज मात्र फाटतोच.

एनएचआरएच्या (अमेरिकेतली ड्रॅग रेसिंगची संघटना) नियमांत क्वार्टर माइलला (सुमारे ४०० मीटर) ११.४९ सेकंद किंवा त्याहून जलद धावणाऱ्या गाडीला सहसा रोल बार लागतो, फॅक्टरीतून आल्या तशा नव्या गाड्यांना एका मर्यादेपर्यंत सूट आहे. तुमच्या गाडीत बारच नसेल तर हा क्लॅम्प घेऊ नका. हेडरेस्टच्या दांड्यांवर तो बसतो, टिकत नाही.