सॅक्स-झिम बॉगची घुबड फोटो टूर, पैसे वसूल का?

जानेवारीत मिनेसोटात सॅक्स-झिम बॉगला, म्हणजे तिथल्या दलदलीच्या जंगलात, एक दिवसाची गाईडेड फोटो टूर केली. मिनियापोलिसकडचे आपले बरेच जण विचारतात ना, गाईड घ्यावा की आपली आपण गाडी काढावी, म्हणून लिहितेय. पहिल्यांदा जात असाल तर घ्याच, पण बुकिंगच्या आधी एक विचारून घ्या, घुबडासाठी उंदीर टाकता का? आमच्या गाईडने स्वच्छ “नाही” असं उत्तर दिलं आणि मी लगेच पैसे भरले. उंदराची सवय लागली की घुबड रस्त्याच्या कडेला येऊन बसतं आणि मग गाडीखाली जातं, एका फोटोसाठी त्याचा जीव का घालवायचा?

उजाडायच्या आत निघालो, उणे 27 सेल्सिअस. तास-दीड तास नुसती स्प्रूसची आणि सुया गळलेल्या टॅमरॅकची झाडं. मग एका खांबावर ग्रेट ग्रे घुबड! उंची सव्वादोन फुटांच्या आसपास पण वजन किलोभरच, बाकी सगळी पिसंच हो. बर्फाखाली व्होल, म्हणजे आखूड शेपटीचा छोटा उंदीर, कुठे खुडबुडतोय ते कानाने हेरत मान वळवत बसलेलं, आणि एकदम झेपावलं ते पाय पुढे टाकून थेट बर्फात! 1/2000 शटरला मला दोन फोटो शार्प मिळाले, अजून रोज उघडून बघते.

त्याआधीचे सगळे सॉफ्ट, म्हणजे धूसर आले होते, मला वाटलं लेन्सच बिघडली. गाईडने हीटर बंद करून सगळ्या काचा खाली करायला लावल्या, गाडीतली गरम हवा खिडकीतून बाहेर पडताना थरथरते आणि 600 एमएमच्या लेन्सवर ते लगेच दिसतं म्हणाला. बोटं बधिर झाली पण फोटो सुधारले. नुसत्या या एका गोष्टीसाठीसुद्धा मी पुन्हा पैसे देईन.

दुपारी ॲडमिरल रोडच्या फीडर्सवर, म्हणजे पक्ष्यांना खाणं ठेवतात तिथे, बोरियल चिकडी आणि कॅनडा जे हे पक्षी हरणाच्या टांगलेल्या बरगड्यांवरची चरबी टोचत होते. आऊल ॲव्हेन्यूवरच्या वेलकम सेंटरला पाईन ग्रोसबीक पक्षी दिसले, नर काय गुलाबी असतो!

एकच तक्रार, व्हॅनमध्ये सहा जण आणि मागच्या सीटची काच अर्धीच उघडते, त्यामुळे तिथल्या दोघांना झेपेचा फोटो मिळालाच नाही. चारच जण घ्यायला हवेत, मी तसं गाईडला सांगितलंय. जाणार असाल तर पुढची सीट आधीच मागून ठेवा, जादा बॅटऱ्या आतल्या खिशात ठेवा, आणि हॉटेलात शिरायच्या आधी कॅमेरा बॅगेत बंद करा आणि आत गेल्यावर तसाच दोन तास राहू द्या, नाहीतर लेन्सवर दव धरतं.