मेलेल्या जेलीफिशचा फोटो

“सर, बिनधास्त घ्या. मेलीच तर चोवीस तासांत मेलेल्या जेलीफिशचा फोटो टाका, दुसरी फुकट पाठवतो.”

पैसे भरण्याआधी हा मेसेज मी दोन-तीनदा वाचला आणि दर वेळी हायसं वाटलं. माणूस एवढं लेखी देतोय म्हणजे माल चांगलाच असणार, असा आपला सरळ हिशोब. सगळी मेख त्याच मेसेजमध्ये होती, हे कळायला मला सात आठवडे लागले आणि तीन जेलीफिश गमवाव्या लागल्या.

मी अगदीच कोरा नव्हतो, हे आधी सांगतो. गोड्या पाण्यातले मासे आठ-नऊ वर्षं सांभाळलेत. तेच नडलं. विक्रेत्याने पहिल्याच बोलण्यात ते काढून घेतलं आणि मग शेवटपर्यंत वापरलं. “मासे सांभाळता ना सर, मग हे त्याहून सोपं. याला मेंदू नाही, हृदय नाही, हाड नाही. बिघडणार काय?” मेंदू-हृदय नाही हे खरंच आहे. जेलीफिशचं शरीर ९५ टक्के पाणी असतं. पण त्याचा अर्थ बरोबर उलटा होतो: जे जवळजवळ पाणीच आहे, ते भोवतालचं पाणी जरा बिघडलं की तगायचं कशावर? हे तेव्हा मला सुचायला हवं होतं. नाही सुचलं.

त्याने व्हिडिओ पाठवला होता. नारिंगी रंगाच्या, लांबच लांब झालरी सोडलेल्या जेलीफिश निळ्याशार पाण्यात संथ तरंगताहेत. “माझ्याकडचाच माल सर, आज सकाळी काढलाय.” सगळं हातातून गेल्यावर तो व्हिडिओ मी पुन्हा पाहिला, या वेळी थांबवून थांबवून. काचेच्या उजव्या कोपऱ्यात पाठीवर दप्तर लावलेल्या एका मुलाचं प्रतिबिंब होतं आणि त्याच्यामागे माणसांची रांग. कुठल्या तरी मोठ्या सार्वजनिक मत्स्यालयातलं चित्रीकरण होतं ते. त्या नारिंगी जेलीफिशना सी नेटल म्हणतात. त्यांच्या झालरी मीटरभराच्याही पुढे जातात आणि त्या टेबलावरच्या टाकीत मावणं शक्यच नाही.

मला आल्या त्या मून जेलीफिश. पांढुरक्या, पारदर्शक, छत्रीवर घोड्याच्या नालेसारखी चार कडी, कडेला आखूड बारीक झालर. जात वाईट नाही. घरी पाळणारे बहुतेक लोक हीच पाळतात. रंगाचं विचारलं तर म्हणाला, “मोठ्या झाल्या की रंग धरतात.” धरत नाहीत. टाकीसोबत सोळा रंगांचा रिमोट असलेला दिवा आला होता, तोच काय तो रंग. पारदर्शक वस्तूवर जांभळा उजेड टाकला की ती जांभळी दिसणारच.

रात्री स्वतःहून चमकतात, असंही सांगितलं होतं. मी आणि मुलगी पडदे ओढून, दिवा बंद करून वीस मिनिटं टाकीसमोर बसलो. काही नाही. “बाबा, झोपल्या असतील,” ती म्हणाली. स्वतः प्रकाशणाऱ्या जेलीफिश जगात आहेत. त्यातल्याच एका जातीतून ओसामू शिमोमुरा यांनी १९६२ मध्ये हिरवं चमकणारं प्रथिन वेगळं केलं आणि २००८ चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना त्यासाठी दोघांबरोबर विभागून मिळालं. पण ती जात वेगळी. मून जेलीफिश चमकत नाही, लहानपणीही नाही आणि मोठेपणीही नाही.

आणि तिसरी थाप सगळ्यांत भारी. “ही अमर जात आहे सर.” याबद्दल पुढे सांगतोच, कारण ही थाप त्याने नुसती विकायला नाही वापरली.

पार्सल आलं तेव्हाच पहिली खूण दिसली होती, फक्त मला वाचता आली नाही. पिशवी हवेने टम्म फुगवलेली होती. मासे असेच येतात, म्हणून मला काही वावगं वाटलं नाही. जेलीफिशच्या पिशवीत मात्र हवा मुळीच ठेवायची नसते, तोंडापर्यंत पाणी भरून हवा दाबून काढायची असते. बुडबुडा छत्रीखाली अडकला की तिला तो काढून टाकता येत नाही. तो वर चढू पाहतो आणि दिवसा-दोन दिवसांत छत्रीला आरपार भोक पाडतो. माझ्या तिघींपैकी एकीच्या डोक्यावर तिसऱ्या दिवशी टाचणीच्या टोकाएवढं भोक होतं, पाचव्या दिवशी त्यातून पलीकडचं दिसायला लागलं. फोटो पाठवला. उत्तर आलं, “ते नैसर्गिक असतं सर, श्वास घ्यायला.”

आता टाकी. तिच्याबद्दल जरा सविस्तर सांगायलाच हवं, कारण निम्मी फसवणूक त्या टाकीतच होती. बारा लिटरची, चार सरळ कोपऱ्यांची, एका बाजूला छोटा फिल्टर, त्याला पाणी ओढणारी बोटभर फट. “खास जेलीफिश टाकी” म्हणून आलेली. माशांची साधी टाकीच होती ती, वर काळं झाकण आणि दिवा बसवलेली.

जेलीफिश पोहते असं आपण म्हणतो खरं, पण ती प्रवाहाविरुद्ध जाऊ शकत नाही. प्रवाह नेईल तिकडे जाते. समुद्रात तिला भिंत लागत नाही, टाकीत चारी बाजूंना भिंतच. म्हणून तिची टाकी आतून गोल असते, पाणी त्यात हळूहळू चाकासारखं फिरत राहतं आणि जेलीफिश मधोमध तरंगते. अशा टाकीला क्रायझल म्हणतात. जर्मन शब्द आहे, अर्थ भोवरा. वोल्फ ग्रेव्ह या जर्मन शास्त्रज्ञाने १९६८ मध्ये समुद्रातले तरंगते जीव वाढवण्यासाठी अशी टाकी मांडली होती. पाणी बाहेर जाण्याची जागाही तिच्यात मोठ्या जाळीची असते, म्हणजे ओढ एका ठिकाणी लागत नाही. माझ्या टाकीत सगळी ओढ त्या बोटभर फटीवर.

सहाव्या दिवशी सकाळी उठून पाहिलं तर टाकीत दोनच जेलीफिश. तिसरी फिल्टरच्या फटीला चिकटली होती, अर्धी बाहेर, अर्धी आत. पंप बंद केला. हात घालून तिला सोडवायला गेलो तर पकडायला काही हाताशी लागेना, नुसतं गार बुळबुळीत काहीतरी बोटांमधून निसटत होतं. सुटली तेव्हा एका बाजूची झालर गायब होती आणि छत्रीची कड कात्रीने कापल्यासारखी. तरी ती आकसत होती, उघडत होती. एका बाजूने आकसत असल्यामुळे जागच्या जागी गोल फिरत होती. मुलीला मी शाळेला उशीर होतोय म्हणून तिथून घालवलं.

दुपारी कामावरून विक्रेत्याला मेसेज केला. “अजून जिवंत आहे ना सर? मग थांबा.”

थांबलो. संध्याकाळी घरी आलो तेव्हा तळाशी एक पांढुरका धुरकट डाग होता. रात्री तोही नव्हता. गॅरंटीप्रमाणे टाकीचा फोटो काढून पाठवला. त्याचं उत्तर जसंच्या तसं देतो: “सर यात तर काहीच दिसत नाही. मेलेली जेलीफिश दाखवा.”

मासा मेला तर पाण्यावर येतो. जेलीफिश मेली की विरघळते. लहान असेल तर काही तासांतच, विशेषतः पाणी गरम असेल तर. पुरावा म्हणून जे मागत होता ते उरतच नाही, हे त्याला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. जिवंत असताना फोटो पाठवा तर “अजून जिवंत आहे”, मेल्यावर पाठवा तर “दिसत नाही”. मला राग पैशांचा कमी आला, या हुशारीचा जास्त आला.

त्यानंतर मी वाचायला लागलो. आधी वाचायला हवं होतं, हे घरच्यांनी पुरेसं ऐकवून झालंय. सोबत आलेलं मीठ किती घालायचं याबद्दल त्याने “एक पाकीट, एक टाकी” एवढंच सांगितलं होतं. पाण्याचा खारेपणा मोजायचं साधन आणून पाहिलं तर आकडा १.०१८. हवा १.०२३ ते १.०२५. तापमान २९, कारण दिवा आणि पंप मिळून झाकणाखालचं पाणी तापवत होते. या जेलीफिशना २० अंशांच्या आसपासचं पाणी मानवतं, म्हणून बऱ्याच ठिकाणी पाणी थंड करणारं यंत्र लावावं लागतं. त्याचा उल्लेखही झाला नव्हता. अमोनिया, म्हणजे घाण आणि उरलेलं खाणं कुजून पाण्यात साठणारं विष, तपासला, तर पट्टी हिरवीगार, म्हणजे भरपूर.

ते अमोनियाचं मला विशेष लागलं, कारण ते मला कळायला हवं होतं. माशांची टाकीसुद्धा भरल्या दिवशी मासे सोडायच्या लायकीची नसते. अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करणारे जिवाणू टाकीत वसायला चार ते सहा आठवडे लागतात. नऊ वर्षं मी हेच लोकांना सांगत आलोय. पण पार्सलमध्ये एक बाटली होती, “ही ओता, त्याच दिवशी सोडा”, आणि मी ओतली. असे जिवाणू बाटलीत मिळतातही, पण त्यानंतर पाणी तपासायचंच असतं. माझ्या बाटलीवर ना नाव होतं, ना तारीख. पिवळट पाणी होतं आत, आणि आज मला वाटतं, फक्त पाणीच होतं.

उरलेल्या दोघी लहान होत चालल्या. काचेला बाहेरून पट्टी लावून मोजायचो. आल्या तेव्हा आठ सेंटिमीटर, तिसऱ्या आठवड्यात पाच. इथे ती अमर जात कामी आली. “सर, अभिनंदन! ती परत पिल्लू होतेय. अमर जातीचं हेच लक्षण.” खरं सांगतो, मुलीला मी हे आनंदाने सांगितलं. तिने शाळेत सांगितलं.

परत बालरूपात जाणारी जात खरी आहे, ट्युरिटॉप्सिस नावाची. १९९६ मध्ये इटलीतल्या शास्त्रज्ञांनी तिचं जीवनचक्र कसं उलटं फिरतं ते सविस्तर मांडलं. पण ती पूर्ण वाढली तरी पाच मिलिमीटरच्या आत, करंगळीच्या नखाहून लहान. माझ्याकडच्या उपाशी होत्या, बस. जेलीफिशला खायला मिळालं नाही की ती स्वतःलाच खात आकसत जाते. डबीतली पावडर त्या खातच नव्हत्या. पाण्यात कुजून तीच अमोनिया वाढवत होती. त्यांना लागतात नुकत्याच अंड्यातून निघालेल्या आर्टेमिया, म्हणजे खाऱ्या पाण्यातले कोळंबीसारखे बारीक जीव, दिवसातून एक-दोनदा. बाटलीत खारं पाणी आणि हवेची नळी लावून एका दिवसात उबवता येतात.

मी उबवल्या. तोवर दुसरीची छत्री उलटी झाली होती, वाऱ्यात आपली छत्री होते तशी, आणि ती गेली. तिसरीने मात्र खाल्लं. ड्रॉपरने अगदी जवळ सोडलं, झालरीला ठिपके चिकटले, आणि अर्ध्या तासाने त्या चार कड्यांच्या मधे नारिंगी रंग उतरला. पोट भरलं की ते असं बाहेरून दिसतं. महिनाभर माझ्याकडे राहून तो रंग आम्ही पहिल्यांदा पाहत होतो. त्यानंतर ती आणखी तीन आठवडे जगली. कोपऱ्यात अडकू नये म्हणून मी आतून वाकवलेली प्लास्टिकची पट्टी बसवली, फिल्टरला स्पंज बांधला, पाणी थोडं थोडं बदललं. उशीर झाला होता.

पैशांचं थोडक्यात. “संकेतस्थळावरून नको सर, थेट पाठवा, स्वस्त पडेल,” म्हणाला, आणि मी थेट पाठवले. त्यामुळे संकेतस्थळाने हात वर केले आणि बँकेने सांगितलं की रक्कम तुम्ही स्वतः मंजूर केली आहे. तक्रार दिली आहे. त्याने मला ब्लॉक केलं, नाव बदललं आणि तोच नारिंगी व्हिडिओ पुन्हा लावला. दप्तरवाला मुलगा अजून आहे त्यात.

कुणी घ्यायच्याच विचारात असाल तर विकणाऱ्याला जातीचं शास्त्रीय नाव विचारा. तुम्हाला मिळणार तीच जेलीफिश खाताना दाखव म्हणा, पोट नारिंगी झालेलं दिसलं पाहिजे. टाकीचा आतला आकार आणि पाणी बाहेर जायची जागा बघा. जो माणूस टाकी आणि प्राणी एकाच खोक्यात पाठवतो त्याच्याकडून काहीच घेऊ नका, कारण टाकी महिनाभर प्राण्याविना चालायला हवी हे त्याला ठाऊक नाही किंवा त्याची पर्वा नाही. आणि गॅरंटीत फोटो मागितला असेल, तर कसला फोटो ते आधीच विचारून घ्या.

टाकी धुऊन माळ्यावर ठेवली होती. मागच्या आठवड्यात ओळखीतल्या एकाने विचारलं, देणार का? म्हटलं, काय ठेवणार? “जेलीफिश. एक जण सगळा सेट देतोय, पण तुमच्याकडे टाकी आहेच तर नुसत्या जेलीफिश घेईन म्हणतो.” मी म्हटलं, घेऊन जा, पण आधी महिनाभर नुसतं खारं पाणी फिरवत ठेव आणि दर दोन दिवसांनी अमोनिया मोजून मला कळव.

अजून न्यायला आला नाहीये.